आघातोत्तर ताण-विकृती व मेंदूतील शोथ

युद्ध, भूकंप, अपघात, बलात्कार, बंदिवासातील छळ यांसारख्या जिवावर बेतणाऱ्या प्रसंगातून गेलेल्या किंवा असा प्रसंग दुसऱ्यावर ओढवलेला प्रत्यक्ष पाहिलेल्या काही व्यक्तींत पुढे विशिष्ट मानसिक लक्षणे आढळतात. त्या प्रसंगाची स्मृती नको असताना पुनःपुन्हा उसळून येते व ती पुष्कळदा इतकी स्पष्ट असते की, प्रसंग आताच घडत आहे असे वाटते. त्याची आठवण करून देणारी स्थळे, माणसे व संभाषणे व्यक्ती टाळू लागते. झोप मोडते, बारीकशा आवाजानेही दचकायला होते, प्रेम व आनंद यांसारख्या भावना बोथट होतात आणि आपण वाचलो याबद्दलच अपराधीपणा वाटू लागतो. ही लक्षणे एक महिन्याहून अधिक काळ टिकून दैनंदिन जीवनात अडथळा आणू लागली म्हणजे त्या अवस्थेस आघातोत्तर ताण-विकृती असे म्हणतात. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मनोविकृतींच्या वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत हे नाव प्रथम अधिकृतपणे आले.

आघात सोसलेल्या बहुसंख्य व्यक्तींना ही विकृती होत नाही, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सु. १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्यातून वाचलेल्या काही व्यक्तींच्या मनोवैद्यकीय तपासणीचा वृत्तांत १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीत आघातोत्तर ताण-विकृती व अवसाद हे विकार प्रामुख्याने आढळले. परंतु तपासलेल्या सर्वांनाच मनोविकार जडलेला नव्हता. एकच आपत्ती सोसलेल्या दोन माणसांपैकी एक सावरतो व दुसरा सावरत नाही, याचे कारण केवळ मनात शोधावे की शरीरातही, हा या विषयातील जुना प्रश्न आहे. गेल्या काही दशकांत अशा रुग्णांच्या रक्तात शोथाच्या (दाहयुक्त सुजेच्या) खुणा सापडू लागल्यामुळे, मेंदूतील मंद व दीर्घकाळ टिकणारा शोथ या विकृतीस हातभार लावीत असावा आणि तो आटोक्यात आणल्यास विकृतीही हटेल, अशी कल्पना मांडण्यात आली आहे. या कल्पनेतील पहिल्या भागाला काही आधार आहे. दुसऱ्या भागाला अद्याप पुरेसा नाही.

शोथाचे स्वरूप : जंतुसंसर्ग, इजा वा अन्य क्षोभक कारण यांना सजीव ऊतकांनी (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकासमूहांनी) दिलेल्या संरक्षक प्रतिसादाला शोथ म्हणतात. लाली, सूज, उष्णता व वेदना ही त्याची चार लक्षणे सेल्सस या रोमन लेखकाने इ. स. पहिल्या शतकात नोंदविली. प्रस्तुत विकृतीत मेंदूमध्ये या चारांपैकी एकही प्रत्यक्ष दिसत नाही, म्हणून आरंभीच एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. विषाणूंमुळे होणाऱ्या मस्तिष्कशोथात (उदा., जपानी मस्तिष्कशोथात) तीव्र ज्वर येतो, झटके येतात, शुद्ध हरपते, मस्तिष्क-मेरुद्रवातील श्वेत कोशिकांची संख्या वाढते आणि मृत्यूही ओढवू शकतो. आघातोत्तर ताण-विकृतीच्या संदर्भात ज्या शोथाविषयी बोलले जाते तो याहून अगदी निराळा असून रासायनिक कसोट्यांवाचून तो कळत नाही. ‘तुमच्या मेंदूला सूज आहे’ असे अशा रुग्णास सांगणे म्हणजे त्याला विनाकारण घाबरविणे होय.

मेंदूतील शोथाच्या प्रक्रियेत मायक्रोग्लिया नावाच्या सूक्ष्म कोशिकांचा वाटा मोठा असतो. या कोशिका इतर आधारकोशिकांपेक्षा वेगळ्या आहेत हे स्पॅनिश शास्त्रज्ञ पीओ देल रीओ-ओर्तेगा (१८८२–१९४५) यांनी १९१९ मध्ये दाखवून दिले. निरोगी मेंदूतही त्या स्वस्थ नसतात. आपल्या बारीक शाखा हलवून त्या आसपासच्या भागाची सतत चाचपणी करतात, मृत कोशिकांचे अवशेष गिळतात आणि तंत्रिका कोशिकांमधील अनावश्यक जोडण्या छाटून टाकतात. संकटाची चाहूल लागली की त्यांचा आकार व कार्य बदलते आणि त्या सायटोकाइने या गटातील प्रथिने स्रवू लागतात. रक्तातील व ऊतकांतील संरक्षक कोशिकाही हीच प्रथिने निर्माण करतात. इंटरल्युकीन-१ बीटा, इंटरल्युकीन-६ व ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर-आल्फा ही त्यांपैकी प्रमुख होत. इंटरल्युकीन-६ च्या प्रभावाने यकृतात सी-प्रतिक्रियाशील प्रथिन तयार होते. त्याचे मापन साध्या रक्ततपासणीत अल्प खर्चात होत असल्यामुळे बहुसंख्य अध्ययनांत तेच मोजलेले असते. ते रक्तातील शोथ दाखविते, मेंदूतील नव्हे. हा फरक या विषयावरील लोकप्रिय लेखनात वारंवार विसरला जातो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : आघात व शोथ यांची सांगड आधुनिक प्रयोगशाळांनी प्रथम घातली असा समज आहे, पण तो बरोबर नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रेल्वेचे जाळे वाढले तसे अपघातही वाढले. ९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्ट येथे झालेल्या अपघातातून कादंबरीकार चार्ल्स डिकिन्झ बचावले. त्यांनी जखमींना मदत केली, स्वतःस इजा झाली नाही. परंतु त्यानंतर रेल्वेप्रवासात त्यांना भीतीने कापरे भरत असे. अशा अनेक प्रवाशांच्या अंगावर ओरखडाही नसे, तरी त्यांना निद्रानाश, विस्मरण, दुःस्वप्ने, अंगदुखी व कामातील असमर्थता यांचा त्रास होई. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजचे शल्यविज्ञानाचे प्राध्यापक जॉन एरिक एरिक्सन (१८१८–९६) यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत याचे कारण सांगितले ते असे : गाडीला बसलेल्या हिसक्याने मेरुरज्जू हादरतो आणि पुढे त्याच्या आवरणांत व खुद्द त्याच्यात चिरकारी (दीर्घकालीन) शोथ निर्माण होतो. या अवस्थेला ‘रेल्वे स्पाइन’ म्हणजे रेल्वेचा कणा असे नाव रूढ झाले. नुकसानभरपाईच्या दाव्यांत एरिक्सन यांच्या पुस्तकाचा आधार घेतला जाऊ लागला, कारण शोथ ही इजा होती आणि इजेची किंमत न्यायालयाला ठरविता येत होती.

हर्बर्ट विल्यम पेज (१८४५–१९२६) यांनी १८८३ मध्ये या मतावर हल्ला चढविला. मेरुरज्जूत शोथ झाल्याचा शवविच्छेदनातील पुरावा जवळजवळ नाही आणि प्रचंड भीती हेच अशी लक्षणे निर्माण करण्यास पुरेसे कारण आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. पेज यांचे वैद्यकीय म्हणणे पुष्कळ अंशी बरोबर ठरले. परंतु ते लंडन अँड नॉर्थ-वेस्टर्न रेल्वे कंपनीचे शल्यचिकित्सक होते आणि शोथ नाही म्हणजे इजा नाही, हा त्यातून निघणारा अर्थ कंपनीच्या सोयीचा होता. खरे निदान आणि रुग्णाला मिळणारा न्याय यांची अशी फारकत या विषयाच्या इतिहासात पुढेही दिसते.

अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांच्या धडधडणाऱ्या हृदयाविषयी जेकब मेंडीस डाकॉस्टा (१८३३–१९००) यांनी १८७१ मध्ये लिहिले. जर्मनीत हेरमान ओपेनहाइम (१८५८–१९१९) यांनी १८८९ मध्ये ‘आघातजन्य तंत्रिकाविकृती’ ही संज्ञा वापरली. परंतु वादाला तीव्र स्वरूप आले ते पहिल्या महायुद्धात (१९१४–१८). चार्ल्स सॅम्युएल मायर्स (१८७३–१९४६) यांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकातून ‘शेल-शॉक’ ही संज्ञा वैद्यकीय लेखनात आणली. तोफगोळ्याच्या स्फोटाने मेंदू हादरतो, असा तिचा अर्थ होता. तथापि स्फोटाच्या जवळपासही नसलेल्या सैनिकांत तीच लक्षणे दिसू लागल्यावर मायर्स यांना स्वतःलाच ती संज्ञा नकोशी झाली. ब्रिटिश सैन्याने मध्यम मार्ग काढला. शत्रूच्या गोळ्याशी संबंध दाखविता आला, तर सैनिकाची नोंद ‘जखमी’ अशी होई व तो जखमेच्या पट्टीस व निवृत्तिवेतनास पात्र ठरे. न दाखविता आल्यास तो केवळ ‘आजारी’ समजला जाई. याच महायुद्धात पळून जाणे, भ्याडपणा व तत्सम लष्करी अपराधांसाठी ब्रिटिश व राष्ट्रकुलातील ३०६ सैनिकांना गोळ्या घालून देहान्त शासन देण्यात आले. त्यांपैकी काहींना आज आपण रुग्ण म्हणू. ब्रिटिश संसदेने त्यांना २००६ च्या कायद्याने मरणोत्तर क्षमा केली.

विकृतीचे मूळ शरीरात दाखविण्यासाठी रुग्णांची व त्यांच्या कैवाऱ्यांची जी धडपड चाललेली दिसते तिचे कारण या इतिहासात आहे. शरीराला झालेली जखम सन्मानाची ठरते. मनाला झालेल्या जखमेचा संशय घेतला जातो. विकृतिवैज्ञानिक फ्रेडरिक वॉकर मॉट (१८५३–१९२६) यांनी बाह्य इजा न होता स्फोटानंतर मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या मेंदूंची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून बारीक रक्तस्राव नोंदविले. अमेरिकन मनोविश्लेषक एब्रॅम कार्डिनर यांनी १९४१ मध्ये युद्धजन्य विकृती ही शरीर व मन या दोहोंची असल्याचे मत मांडले. स्फोटाचा हादरा बसलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मेंदूंत करडे व पांढरे द्रव्य जेथे मिळते तेथे आधारकोशिकांचे विशिष्ट व्रण आढळल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मॉट यांचे काम अगदीच वाया गेले नव्हते हे दिसून आले. मात्र हे व्रण स्फोटाच्या भौतिक हादऱ्याचे आहेत. बलात्कार किंवा भूकंप यांनंतर होणाऱ्या विकृतीस ते स्पष्टीकरण लागू पडत नाही.

ताणापासून शोथापर्यंत : संकटात शरीर दोन मार्गांनी सज्ज होते. अनुकंपी तंत्रिका तंत्र क्षणार्धात नॉरॲड्रेनॅलीन व ॲड्रेनॅलीन सोडून हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढविते. दुसरा मार्ग थोडा संथ असतो : मेंदूतील अधोथॅलॅमसपासून पोष ग्रंथीला व तिच्यापासून अधिवृक्क ग्रंथीला संदेश जाऊन कॉर्टिसॉल हे हॉर्मोन स्रवते. पहिला मार्ग शोथाला चेतविणारा आहे. जखम होण्याचा संभव असताना संरक्षक कोशिका आधीच तयार ठेवणे, हे निसर्गाच्या दृष्टीने फायद्याचे आहे. दुसरा मार्ग शोथाला आवर घालतो. काम संपल्यावर दोन्ही शांत होणे अपेक्षित असते. आघातोत्तर ताण-विकृतीत पहिला मार्ग प्रदीर्घ काळ चेतलेला राहतो. दुसऱ्याविषयी १९८६ मध्ये एक अनपेक्षित निरीक्षण पुढे आले : व्हिएटनाम युद्धातील या विकृतीच्या रुग्णांच्या मूत्रात कॉर्टिसॉल इतर मनोरुग्णांपेक्षा कमी आढळले. पुढील सर्व अध्ययनांत तसेच आढळलेले नसले, तरी पेटविणारा हात मोकळा व विझविणारा दुबळा, असे चित्र अनेक शास्त्रज्ञांच्या मनात त्यातून तयार झाले.

उंदरांवरील प्रयोगांनी या चित्रात तपशील भरला. आक्रमक उंदराच्या सहवासात वारंवार पराभूत होणाऱ्या उंदरात अस्थिमज्जेतून अपक्व व शोथप्रवण श्वेत कोशिका बाहेर पडतात, त्या मेंदूत पोचतात आणि उंदीर भित्रा होतो. नॉरॲड्रेनॅलिनाचे कार्य रोखणारे प्रोप्रॅनोलॉल दिल्यास हे टळते. माणसात रक्तातील शोथाची वार्ता मेंदूला सायटोकाइनांद्वारे, तसेच छाती व उदर यांतील इंद्रियांपासून मेंदूकडे जाणाऱ्या प्राणेशा तंत्रिकेद्वारे मिळते. ताप आलेल्या माणसाला एकांत हवासा वाटणे, भूक मंदावणे, उत्साह नाहीसा होणे हा सर्वांचा अनुभव याच संदेशवहनाचा परिणाम आहे. निरोगी स्वयंसेवकांना सूक्ष्मजंतूंचे अंतर्विष अत्यल्प मात्रेत टोचल्यावर काही तासांत त्यांचे मन उदास होते व धमकीदर्शक चेहरे पाहताना भीतीशी संबंधित असणाऱ्या अमिग्डला या केंद्राची सक्रियता वाढते, असे आढळले आहे. अमिग्डला अतिसक्रिय, तिला आवरणारे ललाटखंडाचे बाह्यक दुर्बल आणि स्मृतीला स्थळकाळाची चौकट देणारे हिपोकॅम्पस लहान, अशी जी त्रयी या विकृतीत वर्णन केली जाते तिच्याशी हे निरीक्षण जुळते.

पुरावा व त्याच्या मर्यादा : वीस अध्ययनांच्या आकडेवारीचे एकत्रित विश्लेषण २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार आघातोत्तर ताण-विकृतीच्या रुग्णांच्या रक्तात इंटरल्युकीन-६, इंटरल्युकीन-१ बीटा व इंटरफेरॉन-गॅमा यांचे प्रमाण निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक होते. स्वीडनमधील एक लाखाहून अधिक ताणजन्य विकृतीच्या रुग्णांच्या नोंदींवर आधारलेले अध्ययन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्यात संधिवाताभ संधिशोथासारखे आत्मप्रतिरक्षा रोग (शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच ऊतकांवर उलटल्याने होणारे रोग) इतरांपेक्षा सु. एक तृतीयांशाने अधिक आढळले. शोथाचा या विकृतीशी संबंध आहे, याविषयी आता फारशी शंका उरलेली नाही.

पण संबंध कोणत्या दिशेने? या रुग्णांत धूम्रपान व मद्यपान अधिक असते, झोप अपुरी असते, हालचाल कमी व वजन जास्त असते. यांपैकी प्रत्येक गोष्ट एकटीच सी-प्रतिक्रियाशील प्रथिन वाढवू शकते. म्हणजे विकृतीमुळे जीवनमान बिघडते व त्यामुळे शोथ होतो, असा साधा क्रमही संभवतो. याच्या उलट पुरावाही आहे. युद्धभूमीवर जाण्यापूर्वी सु. अडीच हजार अमेरिकन मरीन सैनिकांच्या रक्तातील सी-प्रतिक्रियाशील प्रथिन मोजण्यात आले. ज्यांच्यात ते अधिक होते त्यांच्यात परतल्यावर विकृतीची लक्षणे दिसण्याचा संभव काहीसा अधिक आढळला, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. न्यूझीलंडमधील डनीडन येथे जन्मापासून पाठपुरावा केलेल्या व्यक्तींत बालपणी दुर्व्यवहार सोसलेल्यांच्या रक्तात प्रौढपणी शोथाच्या खुणा अधिक होत्या, हे २००७ पासून ज्ञात आहे. ही दोन निरीक्षणे एकत्र ठेवली, तर पूर्वीचा आघात शोथ मागे ठेवतो व तो शोथ पुढच्या आघातासाठी जमीन तयार करतो, असे अनुमान निघू शकते. ते आकर्षक आहे. पण अशा अनुमानांविषयी सावध राहण्यास या विषयातच एक उदाहरण आहे. हिपोकॅम्पसचा लहान आकार हा आघाताने झालेल्या झिजेचा परिणाम, असे दीर्घकाळ मानले जाई. २००२ मध्ये व्हिएटनामहून परतलेल्या सैनिकांच्या बरोबरीने युद्धावर न गेलेल्या त्यांच्या एकयुग्मजी जुळ्या भावांचीही तपासणी झाली आणि तीव्र विकृती असणाऱ्यांच्या भावांतही हिपोकॅम्पस लहानच निघाले. जो परिणाम वाटत होता तो निदान अंशतः पूर्वस्थिती होता.

सर्वांत विचारात पाडणारा पुरावा जिवंत माणसाच्या मेंदूच्या प्रतिमांतून आला. मायक्रोग्लियातील एका प्रथिनाला चिकटणारे किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून देऊन पॉझिट्रॉन उत्सर्जनावर आधारित प्रतिमा घेतल्यास मेंदूतील शोथाचा अंदाज येतो, असे मानले जात होते. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये या पद्धतीने रुग्ण व निरोगी व्यक्ती यांची तुलना केली. अपेक्षेच्या उलट, रुग्णांच्या ललाटखंडात व भावनांशी संबंधित भागांत हे प्रथिन कमी आढळले व जितके ते कमी तितकी लक्षणे तीव्र होती. त्याच रुग्णांच्या रक्तात मात्र सी-प्रतिक्रियाशील प्रथिन वाढलेले होते. मेंदूतील संरक्षक कोशिका चेतलेल्या नसून दबलेल्या किंवा थकलेल्या असाव्यात, असा एक अर्थ सुचविण्यात आला. हे प्रथिन केवळ मायक्रोग्लियात नसते व माणसात त्याची वाढ म्हणजे सक्रियता असे निश्चित म्हणता येत नाही, ही पद्धतीची त्रुटीही पुढे ध्यानात आली. ते काही असले, तरी ‘रक्तात शोथ, म्हणून मेंदूतही शोथ’ हे समीकरण टिकत नाही आणि शोथ दाबणारे औषध अशा मेंदूला हितकारकच ठरेल असे गृहीत धरता येत नाही.

चिकित्सेचे प्रयत्न : औषधांच्या दृष्टीने या कल्पनेची कसोटी अनेकदा लागली आहे. रक्तदाबावरील काही औषधे अँजिओटेन्सीन या शोथवर्धक द्रव्याचे कार्य रोखतात. अटलांटा येथील आघातग्रस्तांत अशी औषधे घेणाऱ्यांना विकृतीची लक्षणे कमी असल्याचे २०१२ मध्ये दिसून आले व प्राण्यांवरील प्रयोगही अनुकूल होते. म्हणून त्यांपैकी लोसार्टन हे औषध १४९ रुग्णांवर दहा आठवडे पारखण्यात आले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. जपानमध्ये अपघातात गंभीर जखमी झालेल्या ११० व्यक्तींना माशांच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्ल बारा आठवडे देण्यात आले. तेही विकृती टाळू शकले नाही. मिनोसायक्लीन हे प्रतिजैविक प्राण्यांत मायक्रोग्लियाला शांत करते, परंतु या विकृतीच्या रुग्णांसाठी त्याची शिफारस करण्याइतका पुरावा नाही.

अवसादावरील एक प्रयोग येथे मार्गदर्शक आहे. संधिशोथात वापरले जाणारे इन्फ्लिक्सिमॅब हे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर-आल्फा निष्प्रभ करणारे प्रतिपिंड नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या साठ अवसादग्रस्तांच्या गटात निष्क्रिय द्रव्याशी तुलना करून तपासण्यात आले. एकंदर गटात फायदा दिसला नाही. परंतु ज्यांच्या रक्तात सी-प्रतिक्रियाशील प्रथिन आरंभीच लिटरमागे ५ मिग्रॅ. हून अधिक होते त्यांच्यात सुधारणा अधिक आढळली व ज्यांच्यात ते कमी होते त्यांना निष्क्रिय द्रव्यच अधिक मानवले. हे २०१३ मधील निष्कर्ष आघातोत्तर ताण-विकृतीला लागू पडतात की नाही हे तशाच चाचणीवाचून कळणार नाही. पण शोथ सर्व रुग्णांत नसून काहींतच असेल, तर सर्वांना एकच औषध देऊन केलेल्या चाचण्या फसणारच, हे त्यांवरून समजते.

कॉर्टिसॉलसमान हायड्रोकॉर्टिसोन आघातानंतर पहिल्या काही तासांत दिल्यास पुढे विकृतीचे प्रमाण घटते, असे काही छोट्या चाचण्यांत आढळले आहे. त्याचा परिणाम शोथ आवरल्याने होतो की भीतीची स्मृती घट्ट होण्यात अडथळा आल्याने, हे वेगळे करता येत नाही. गळ्यातील ताराकृती गुच्छिकेला बधिर करून अनुकंपी तंत्रिकांचा जोर कमी करण्याचा उपायही पुढे आला. ११३ कार्यरत अमेरिकन सैनिकांवरील चाचणीत आठ आठवड्यांनी लक्षणांचा गुणांक खऱ्या इंजेक्शनाने सरासरी १२·६ ने, तर खोट्या इंजेक्शनाने ६·१ ने उतरला (२०२०); त्यापूर्वीच्या लहान चाचणीत मात्र फरक दिसला नव्हता. अमेरिकेच्या माजी सैनिक व संरक्षण या खात्यांनी २०२३ मध्ये संयुक्तपणे काढलेल्या मार्गदर्शिकेत या उपायासाठी पुरावा अपुरा ठरविला आहे. मानेवर बाहेरून विद्युत् संवेदन देऊन प्राणेशा तंत्रिका चेतविल्यास आघाताची हकिकत ऐकताना होणारी इंटरल्युकीन-६ ची वाढ रोखली जाते, असे लहान अध्ययनांत दिसले असून त्यावर काम चालू आहे.

प्रस्थापित चिकित्सा वेगळ्याच मार्गाची आहे. उपर्युक्त मार्गदर्शिका आघातकेंद्री मानसोपचाराला औषधांहून अग्रक्रम देते. एडना फोआ यांची प्रदीर्घ सामना पद्धती, पॅट्रिशिया रेसिक यांची बोधात्मक प्रक्रिया चिकित्सा आणि फ्रान्सीन शापिरो यांनी १९८९ मध्ये मांडलेली नेत्रचलनावर आधारित पद्धती या तीन तीत पुरस्कारिल्या आहेत. बहुधा आठ ते सोळा बैठकांत चिकित्सकाच्या सोबतीने रुग्ण टाळलेल्या स्मृतीला सामोरा जातो व ती स्मृतीच आहे, चालू संकट नव्हे, हे त्याचा मेंदू पुन्हा शिकतो. औषधांपैकी सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन व व्हेन्लाफॅक्सीन ही अवसादरोधी औषधे उपयुक्त ठरली आहेत. बेंझोडायाझेपीन गटातील शामक गोळ्या तात्पुरता आराम देत असल्या, तरी त्यांची सवय लागते व मूळ विकृती हटत नाही, म्हणून त्या टाळण्यास सांगितले जाते. व्यवहारात त्या सर्रास दिल्या जातात हे दुर्दैव होय. वर उल्लेखिलेल्या स्वीडनमधील अध्ययनात, विकृतीच्या पहिल्या वर्षात सर्ट्रालीनसारखी औषधे चालू ठेवलेल्या रुग्णांत आत्मप्रतिरक्षा रोगांचा धोका कमी आढळला, ही नोंद लक्षणीय आहे. मानसोपचाराने लक्षणे उतरली म्हणजे रक्तातील शोथाच्या खुणाही उतरतात, असे मात्र नेहमी आढळत नाही. त्यावरून शोथ हा विकृतीच्या अनेक धाग्यांपैकी एक असून तिची एकमेव दोरी नाही, असे म्हणावे लागते.

रुग्णाने स्वतःच्या मनाने आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके किंवा स्टेरॉइडे घेणे धोक्याचे आहे. पहिल्यांनी जठरात रक्तस्राव व मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. दुसरी दीर्घकाळ घेतल्यास झोप व मनःस्थिती बिघडते. मेंदूतील शोथ शोधणारी कोणतीही रक्ततपासणी आघातोत्तर ताण-विकृतीच्या निदानासाठी मान्यताप्राप्त नाही व सी-प्रतिक्रियाशील प्रथिन प्राकृत आले म्हणून ही विकृती नाही असे ठरत नाही. निदान रुग्णाचे म्हणणे ऐकूनच करावे लागते. त्याचबरोबर, या रुग्णांत सांध्यांची सकाळची आखड, थायरॉइडचे विकार, हृद्‌रोगाची लक्षणे व डोक्याला पूर्वी झालेली इजा यांची चौकशी मनोवैद्याने अवश्य करावी. शोथविषयक संशोधनाचा आजच्या घडीला रुग्णाला मिळणारा प्रत्यक्ष लाभ तो हाच आहे.

भारतात वरील औषधे वैद्याच्या चिठ्ठीवर सहज मिळतात. आघातकेंद्री मानसोपचार मिळणे मात्र कठीण असते, कारण त्याचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्ती थोड्या व बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. शिवाय या उपचारात घडलेला प्रसंग रुग्णाला आपल्या शब्दांत तपशिलाने सांगावा लागतो. ते परक्या भाषेत साधत नाही, म्हणून चिकित्सकाला रुग्णाची बोली येणे आवश्यक असते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयांत मनोवैद्यकीय सेवा पुरविण्याची व्यवस्था आहे आणि केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस या दूरध्वनी सेवेवर मराठीतूनही सल्ला मिळतो.